विषय: अंबादासपंतांची सुटका

"मनुष्यजातीचे दोनच भाग पडतात," बळवंतराव निमकर म्हणाले. "हातात घेतलेलं पुस्तक शेवटपर्यंत वाचणारे आणि अर्धवट सोडणारे. पहिल्यांनी जग उभं केलं. दुसऱ्यांनी त्याचं काय केलं, ते तू रोज टीव्हीवर बघतेसच."

रविवारची दुपार होती. मयूर विहारमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात जेवणं उरकली होती आणि हे वाक्य नोएडाहून आलेल्या मुलीसाठी, रेवतीसाठी होतं. ऑफिसातल्या कुणीतरी भेट दिलेली एक कादंबरी आपण साठाव्या पानावर सोडून दिली, असं तिच्या तोंडून निघून गेलं होतं.

"बाबा, यार, बोअर होती ती."

"बोअर हे कारण नव्हे. मी आजवर एकही पुस्तक अर्धवट टाकलेलं नाही. एकही!"

हे खरं होतं. केंद्र सरकारात सदतीस वर्षं नोकरी करून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाने तीन वेतन आयोगांचे अहवाल परिशिष्टांसकट वाचले होते. एकदा कोचीच्या दौऱ्यावर जाताना घाईघाईत चुकीचा गठ्ठा बॅगेत आला, तर 'कोंबड्यांच्या श्वसनमार्गाचे विकार' हा दुसऱ्याच खात्याचा तीनशे चाळीस पानांचा अहवाल त्यांनी, कसलाही संबंध नसताना, संदर्भसूचीपर्यंत वाचून काढला होता. पुढे कित्येक दिवस ते ऑम्लेट समोर आलं की जरा गंभीर होत.

तर असा हा माणूस. आणि हा माणूस गेले अकरा दिवस एका पुस्तकाच्या एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर रुतून बसला होता.

त्यातून पुस्तक बायकोचं होतं. बायकोने विकत आणलेलं नव्हे, बायकोने लिहिलेलं.

उल्काताईंनी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. इतकी वर्षं त्यांना एकच गोष्ट छळत होती: इतिहासात जे घडलं तेवढंच सांगावं लागतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याचा वचपा काढला. सहा वर्षं खपून 'निळ्या धुराची छावणी' नावाची सहाशे बारा पानांची कादंबरी लिहिली. काळ अठराव्या शतकाचा. इंद्रजितराव नावाचा एक मराठा सरदार फौज घेऊन दिल्लीत येतो आणि यमुनेच्या काठी तळ देतो. शेजारी फिरोजशहा कोटल्याचे भग्न अवशेष. तिथे आजही गुरुवारी लोक तिथल्या अदृश्य जिन्नांना अर्ज लिहून ठेवतात. नोकरी लागू दे, सून नांदू दे, कोर्टाचा निकाल लागू दे. कुठल्या जिन्नाकडे कुठलं खातं आहे ते माहीत नसल्यामुळे हुशार माणसं अर्जाच्या झेरॉक्स काढून चार-पाच कोनाड्यांत ठेवतात. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना उल्काताई एकदा शाळेची सहल घेऊन तिथे गेल्या होत्या आणि ते कोनाडे त्यांच्या डोक्यात जे बसले ते बसलेच. कादंबरीत त्यातलाच एक जिन्न सरदाराच्या फौजेला भेटतो, नदी उलटी वाहू लागते, आणि मग काय काय होतं ते सहाशे बारा पानं चालतं.

पुण्याच्या एका प्रकाशकाने होकार कळवला होता. महिनाअखेर शेवटचा मजकूर हवा होता. पण उल्काताईंनी घरात जाहीर केलं होतं, "आधी तुम्ही वाचून पुरी करायची. तुमचं वाचून झाल्याशिवाय मी ती घराबाहेर पाठवणार नाही."

एवढा अधिकार बळवंतरावांना नोकरीतही कुणी दिला नव्हता. त्यांनी करोल बागेतून दोन भागांत प्रत बांधून आणली, टाचण्यांची डबी काढली, पांढऱ्या कागदाच्या चिंचोळ्या पट्ट्या कापल्या आणि वाचायला बसले. सरकारी फायलीत महत्त्वाच्या पानाला अशी पट्टी टोचतात, तिला फ्लॅग म्हणतात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी बळवंतरावांना फ्लॅग लावल्याशिवाय काही वाचल्याचं समाधान मिळत नसे. वर्तमानपत्रालाही ते लावत. पहिल्या शंभर पानांत ए ते झेड संपले आणि डबल ए सुरू झाला. प्रत्येक फ्लॅगवर बारीक अक्षरात शेरा असे. 'नदी उलटी वाहते: कोणाच्या आदेशाने?' 'जिन्नाचे वय एक ठिकाणी सातशे, एक ठिकाणी हजार. जन्मतारखेचा पुरावा पाहावा.' 'सूर्योदयाचे वर्णन उत्तम. कायम ठेवावे.'

आणि बाराव्या पानावर त्यांना अंबादासपंत भेटले.

अंबादासपंत हे फौजेचे कारकून. लढाई असो, पूर येवो, पंतांचा कागदांचा बस्ता काखेत आणि बोरू कानावर. चपला काढल्या की त्या दाराकडे तोंड करून ठेवायच्या. कुणाला विरोध करायचा असला की आधी दोनदा खाकरायचं. बळवंतराव ते वाचून दोनदा खाकरले. मग उठून दाराशी गेले, आपल्या चपलांकडे जरा वेळ बघत उभे राहिले आणि परत येऊन पुढे वाचू लागले. कुणाला काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून वाचनाचा वेग वाढला. सरदार, जिन्न, उलटी नदी हे सगळं आपल्या जागी ठीक होतं. बळवंतरावांचं लक्ष होतं ते पंत आता कुठे येतात याच्याकडे. पंत आले की ते खुर्चीत ताठ बसायचे. पंतांनी सरदाराला "लेखी हुकूम असल्याशिवाय तोफ हलणार नाही" असं सुनावलं, त्या पानाला तर त्यांनी दोन फ्लॅग लावले.

आणि मग आलं पान एकशे सत्त्याऐंशी, ओळ चौदा.

'त्याच पहाटे अंबादासपंत नदीकाठी गेले असता जिन्नाने त्यांस नेले; छावणीस हे दोन दिवसांनी कळले.'

बस. एक वाक्य. त्यात पुन्हा अर्धविराम.

बळवंतरावांना वाटलं, आपलं काहीतरी निसटलं. त्यांनी मागचं पान वाचलं, पुढचं वाचलं. पुढच्या ओळीपासून सरदाराचा घोडा आजारी पडला होता. घोडा आजारी पडला, घोडा कण्हला, घोड्याच्या डोळ्यांत चांदणं उतरलं आणि घोडा गेला. साडेतीन पानं! सबंध छावणी रडत होती. सरदार दोन दिवस जेवला नाही. शेवटी एका मोतद्दाराच्या लक्षात आलं, की हिशेबाच्या तंबूत परवापासून कुणी दिसत नाही.

बळवंतरावांनी पुस्तक मिटलं. ते पुन्हा उघडवेना.

आता हे सांगणार कुणाला? अडुसष्ट वर्षांच्या माणसाने बायकोला जाऊन असं कसं म्हणावं, की तू मला एका ओळीत मारलंस आणि घोड्याला साडेतीन पानं दिलीस म्हणून मला राग आलाय? त्यांनी सरकारी रिवाजाप्रमाणे विषय लांबणीवर टाकला. रोज सकाळी चहानंतर पुस्तक मांडीवर घ्यायचं, चष्मा लावायचा, आणि समोरच्या बाल्कनीतल्या कबुतरांकडे बघत बसायचं. मधूनच एखादं पान उलटल्याचा आवाज करायचा.

"कुठपर्यंत आलात?" उल्काताई विचारायच्या.

"चाललंय. प्रकरण विचाराधीन आहे."

"घोड्याचं झालं वाचून? तो भाग कसा वाटला?"

"घोडा... ठीक आहे." जरा थांबून, "लांबलाय."

उल्काताईंचा चेहरा बारीक झाला, पण कबुतरांकडे बघणाऱ्याला तो दिसला नाही.

"आणि ते बटाट्याचं काय?" बळवंतरावांनी विषय वळवला. "छावणीत बटाट्याची भाजी करतेस तू. त्या काळी दिल्लीत बटाटा?"

"हजार वर्षांचा जिन्न चालतो तुम्हाला, बटाटा नाही चालत?"

"जिन्न हा धोरणाचा भाग आहे. बटाटा ही वस्तुस्थिती."

असे अकरा दिवस गेले. त्यानंतर तो रविवार आला, रेवतीसमोर ते भाषण झालं, आणि जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या उल्काताईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. बळवंतरावांच्या लक्षात आलं नाही, की त्या दिवशी त्यांनी आपल्याच हाताने आपल्याविरुद्धचा पुरावा नोंदवून ठेवला होता.

गुरुवारी त्या कपाट पुसायला गेल्या. दोन्ही भाग तिथेच होते. पहिल्या भागातून पांढऱ्या पट्ट्यांचं जावळ वर आलेलं. त्यांनी सहज मोजलं. त्रेपन्न फ्लॅग. त्रेपन्नावा पान एकशे शहाऐंशीला. त्यापुढे पहिल्या भागात एकही नाही. दुसरा भाग नुकत्याच नाहू घातलेल्या बाळासारखा गुळगुळीत. वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या अंदाजालाही फ्लॅग लावणारा माणूस सव्वाचारशे पानं एकही टाचणी न टोचता वाचेल, यावर कुणीही विश्वास ठेवला नसता. उल्काताई तर बेचाळीस वर्षं त्या टाचण्या केरातून वेचत आल्या होत्या.

त्या रडल्या नाहीत. भांडल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉपला उशीचा अभ्रा घातला, जाड शब्दकोश वरच्या फळीवर चढवला आणि संध्याकाळी भाजीवाल्याकडे कैऱ्या आल्या का विचारलं. बळवंतरावांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांना वाटलं, चला, लोणच्याचे दिवस आले.

शुक्रवारी सकाळी ते फिरून परत आले तेव्हा त्या आतल्या खोलीत फोनवर होत्या.

"नाही गं, रेवती. नाही पाठवत. सोमवारी पुण्याला कळवून टाकते."

फोनमधून रेवतीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आई, बिल्कुल नाही हां! छह साल लगाए हैं तूने! बाबांना आवडली नाही तर त्यांचा प्रॉब्लेम."

"त्यांचा नाही. ज्या माणसाने कोंबड्यांचा अहवाल शेवटपर्यंत वाचला ना, त्याच्या हातून माझं पुस्तक सुटलं. यापेक्षा स्पष्ट अभिप्राय कोण देणार मला? प्रकाशक दोन प्रकरणं वाचून हो म्हणाला. यांनी एकशे शहाऐंशी पानं वाचून सोडलं. बिचारे तोंडाने काही बोलले नाहीत, पान उलटल्याचा आवाज करत बसायचे रोज. मला वाईट वाटू नये म्हणून." मग त्या हसल्या, ते हसणं बळवंतरावांना अजिबात आवडलं नाही. "मीही आता त्याच पानावर सोडते. जमलं नाही, असं म्हणायचं. इतिहास शिकवला तेवढा पुरे."

बळवंतराव चपला हातात घेऊन दाराबाहेर तसेच उभे राहिले. त्यांना एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. एक, आपण भयंकर गाढवपणा केलाय. दोन, तो निस्तरायचा तर खरं कारण सांगावं लागणार, आणि ते आणखी मोठं गाढवपण आहे.

शुक्रवारचा उरलेला दिवस त्यांनी पुस्तक पुढे वाचायचा प्रयत्न केला. सोसायटीच्या बागेत बाकावर बसून घोड्यानंतरचं, एकशे ब्याण्णवावं पान काढलं. सरदार म्हणाला, कूच करा, फौज निघाली. लेखी हुकूम कुणी मागितलाच नाही. बळवंतरावांनी पुस्तक मिटलं. त्या फौजेत आपलं कुणी उरलं नाही, असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी दोनदा ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, दोनदा खाकरले आणि पाणी पिऊन परत आले. सदतीस वर्षांत त्यांनी मनातली एकही गोष्ट तोंडाने सांगितली नव्हती. ते लिहीत. बढती हवी, लिहायचं. वरिष्ठ चुकतायत, लिहायचं. लग्नाआधी उल्काताईंना पहिलं पत्र लिहिलं, तेही मुद्द्यांना आकडे घालूनच. शेवटी त्यांनी टेबलाचा खण उघडला, कोरा कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि तासाभराने तो कागद पान एकशे सत्त्याऐंशीला टाचून सबंध भाग जेवणाच्या टेबलावर, उल्काताईंच्या चष्म्याच्या डबीशेजारी सादर केला. स्वतः बाल्कनीत जाऊन कबुतरांमध्ये उभे राहिले.

उल्काताई मेथी निवडायला बसल्या होत्या. त्यांनी चष्मा घ्यायला हात पुढे केला, कागद पाहिला आणि मेथीची जुडी मांडीत तशीच ठेवून वाचू लागल्या.

प्रति,
मा. जिन्नसाहेब,
फिरोजशहा कोटला, दिल्ली.

विषय: श्री. अंबादासपंत, कारकून, यांची सुटका करण्याबाबत.

महोदय,

१. आपण उपरोक्त कारकुनास पान १८७, ओळ १४ येथे उचलून नेल्याचे निदर्शनास आले आहे.

२. सदर कारकुनाने एकशे शहाऐंशी पाने निष्कलंक सेवा केली असून त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार प्रलंबित नाही.

३. त्यांच्या जाण्यास एक वाक्य व घोड्याच्या जाण्यास साडेतीन पाने देण्यात आली आहेत. घोड्याबद्दल निवेदकाच्या मनात आकस नाही.

४. निवेदक गेले सतरा दिवस पुढे वाचू शकलेला नाही. यात लेखिकेचा काहीही दोष नाही. लेखन उत्तम आहे. निवेदकास पंतांवाचून तेथे करमत नाही, एवढेच.

सबब, योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
ब. ना. निमकर (निवृत्त)

प्रत: सौ. उल्का निमकर, माहितीसाठी.

बाल्कनीतून बळवंतरावांनी हळूच आत बघितलं. उल्काताईंचे खांदे हलत होते. झालं, रडवलं आपण हिला, असं म्हणत ते घाईघाईने आत आले, तर बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मेथी सगळीकडे सांडली होती.

"अहो, म्हणजे तुम्ही रुसलात?"

"रुसलो नाही. स्थगिती दिली."

"सतरा दिवस? आणि मी मेली समजतेय, पुस्तक भिकार झालंय!"

"पुस्तक उत्तम आहे. तुझा तो सूर्योदय आम्ही कायम ठेवलाय. पण पंतांचं काय चुकलं होतं, उल्का? तू सांग. मारायचंच होतं तर तो इंद्रजितराव होता. त्याला काय काम आहे? दर चार पानांनी तलवार उपसतो आणि परत ठेवतो."

"तो नायक आहे."

"असेल. रजेचा अर्ज दिलाय का त्याने कधी?"

उल्काताईंनी खाली वाकून मेथी गोळा करायला सुरुवात केली. बळवंतरावही गुडघे धरत खाली बसले. टेबलाखाली, मेथीच्या काड्या वेचता वेचता, बेचाळीस वर्षांच्या संसारातली ही वाङ्मयीन चर्चा पार पडली.

"तुम्हाला खरं सांगू? पंत असेपर्यंत गोष्ट पुढे जाईना," उल्काताई म्हणाल्या. "सरदार म्हणायचा हल्ला करा, पंत म्हणायचे हुकूम दाखवा. नदी उलटी वाहायला लागली, पंत पंचनामा करायला बसले. जिन्न पहिल्यांदा प्रकट झाला ना, तेव्हा सगळे घाबरून पळाले, आणि पंतांनी त्याला विचारलं, वडिलांचं नाव काय?"

"ते विचारायलाच हवं."

"आठ महिने तो जिन्न माझ्या टेबलावर उभा होता, वडिलांचं नाव आठवत! पानांमागून पानं फाडली मी. पंतांना गप्प करून बघितलं, तापाने आजारी पाडलं, पुण्याला बदली करून बघितली. ते हुकमाची प्रत मागायला परत आले. शेवटी माझा नाइलाज झाला."

बळवंतरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं आणि ते लपवण्यासाठी ते टेबलाच्या पायाशी काहीतरी शोधत राहिले. "बदलीचा भाग ठेवायला हवा होतास," ते म्हणाले. मग जरा वेळाने, आवाज खाली आणून, "पण एकच वाक्य, उल्का?"

उल्काताई थांबल्या. हातातल्या मेथीकडे बघत राहिल्या.

"तीनदा बसले लिहायला. नीट, मोठं. पंत आजारी पडतात, सगळे भोवती जमतात, असं. प्रत्येक वेळी तुमच्या चपला दिसायला लागायच्या मला, दाराकडे तोंड केलेल्या. हात चालेना. मग एका ओळीत उरकलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी बसले तर रडू काही थांबेना. ते तर कुठेतरी घालायला हवं. समोर घोडा होता."

 बळवंतराव हळूहळू उठले, खुर्चीवर बसले, पुस्तक पुढ्यात ओढलं आणि घोड्याची साडेतीन पानं पहिल्यापासून वाचली. या वेळी घोडा मुळीच लांबला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत काढला. टाचणीची डबी ओढून एक फ्लॅग घेतला. त्यावर काय लिहावं ते सुचेना म्हणून कोराच टोचला.

मग ते उभे राहिले. एका हाताने खुर्चीची पाठ धरली, दुसरा हात कोटाच्या गुंडीशी न्यावा तसा बनियनवर ठेवला.

"पाठव," ते म्हणाले. "सोमवारी नाही, आजच्या आज पाठव. एका कारकुनापायी एवढी मोठी फौज अडून राहू नये. सरदार पुढे जातील, नद्या उलट्या वाहतील, सुलट्या वाहतील. पंत मागे राहिले तर राहिले. त्यांच्या वतीने मी हरकत मागे घेतो. पुढची सव्वाचारशे पानं मी बुधवारपर्यंत वाचून देतो, पण त्यासाठी तू थांबायचं नाहीस."

"अहो, खरंच?"

"खरंच. एक अक्षर बदलू नकोस. लेखिकेने एकदा घेतलेला निर्णय अंतिम."

उल्काताईंनी अभ्रा काढून लॅपटॉप टेबलावर आणला. पुण्याचा पत्ता टाकला. कादंबरी जोडली. मान्यवराची अंतिम मंजुरी मिळावी तसं एकदा मागे वळून बघितलं.

बळवंतराव तिथेच उभे होते. जागचे हलले नव्हते.

"पाठवू ना?"

"पाठव की." मग जरा पुढे वाकून पडद्याकडे बघत ते म्हणाले, "फक्त तेवढं 'नदीकाठी गेले असता' आहे ना, त्याच्या जागी 'नदीकाठी कामावर असताना' असं कर. मागे बायको आहे त्यांची."